भिमाबाईच्या डब्याची तारीख

केडगावचा महेंद्र भिंगारदिवे दिवसा लोकांच्या घरी इन्व्हर्टर बसवायचा आणि उरलेल्या वेळात जगाला आवाज विकायचा. म्हणजे विकायला ठेवायचा. विकला काही जात नव्हता.

हा धंदा नेमका काय आहे, हे त्यानं बायकोला, माधुरीला, तीनदा समजावलं होतं. जगात लाखो माणसं घरातल्या खोलीत बसून गिटार रेकॉर्ड करतात. त्यांच्याकडे मोठा अॅम्प्लिफायर नसतो, असला तर शेजारी वाजवू देत नाहीत. मग कुणीतरी एखाद्या नामी अॅम्प्लिफायरच्या आवाजाची कॉम्प्युटरवर हुबेहूब नक्कल उतरवतो, तिची फाइल करतो आणि ही मंडळी ती फाइल विकत घेतात. गिटार कॉम्प्युटरला जोडली, फाइल चालू केली, की आवाज त्याच अॅम्प्लिफायरमधून आल्यासारखा येतो. याला टोन म्हणायचं.

"म्हणजे भजी नाही द्यायची, भज्यांचा वास विकायचा," माधुरी म्हणाली.

"तसंच समज."

"मग कुणी घेत नाही ते बरोबरच आहे."

महेंद्रचा माल मात्र अस्सल होता. त्याची आत्या भिमाबाई पारनेरला राहायची. चाळीस वर्षं तिची गायन पार्टी गावोगाव भीमगीतं गात हिंडत होती, आणि पार्टीइतकाच तिचा डबा, म्हणजे हाती बनवलेला अॅम्प्लिफायर, प्रसिद्ध होता. गावच्या कल्याण मिस्त्रीनं शहाऐंशी साली तो बनवला होता: जुन्या कपाटाच्या फळ्या, गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा आणि बंद पडलेल्या एका टॉकीजचा स्पीकर. बेंजो त्याला जोडला की सूर आधी खाकरायचा, मग फाटायचा आणि फाटता फाटता असा काही गोड व्हायचा की बायका पोळ्या तव्यावरच सोडून बाहेर यायच्या. दिवाळीत महेंद्रनं गिटार आणि लॅपटॉप घेऊन पारनेर गाठलं आणि डब्याचा आवाज फाइलीत उतरवून आणला.

पहिल्यांदा त्यानं किंमत लावली पंधराशे. बाकीचे तेवढीच लावतात म्हणून. महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग लावले एकशे नव्याण्णव. तरीही नाही. शेवटी वैतागून फुकट ठेवला, तर अकरा जणांनी घेतला आणि त्यातल्या एकानं तक्रार केली की आवाज खाकरतो.

हे सगळं तो आत्याला फोनवर हसत हसत सांगायला गेला आणि फसला. दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीनं भिमाबाई केडगावात हजर. सत्तरीची बाई, पण चालणं असं की रस्त्यानं वाट द्यावी.

"डबा कुनाला दिलास?" तिनं दारातच विचारलं.

"डबा तुझ्याच घरी आहे, आत्या. मी नुसता आवाज विकतोय."

"आन आवाज गेल्यावर डब्यात काय ऱ्हायलं? उंदरं?"

"तो जात नाही गं. नक्कल असते. हजार जणांना दिली तरी संपत नाही."

"म्हंजी एकाच दिशी हजार जन वाजिवत्यात?"

"वाजवू शकतात."

भिमाबाईनं हातातली चहाची बशी खाली ठेवली. "मग ऐकायला कोन ऱ्हायलं?"

आत्यानं पिशवीतून डायरी काढली. चाळीस वर्षं ती कार्यक्रमांच्या सुपाऱ्या अशाच डायरीत लिहीत आली होती.

"लिही. आवाज इकायचा न्हाई, भाड्यानं द्यायचा. एका तारखेला एकच गिऱ्हाईक. कार्यक्रम कशाचा हाय ते आधी इचारायचं. साध्या दिशी दोन हजार, लग्नाला साडेतीन, मयताला एक रुपाया घ्यायचा न्हाई. आन दिवस मावळला की आवाज परत."

"फाइल परत कशी देणार? ती त्यांच्याकडंही राहते."

"त्येंच्या घरी का ऱ्हाईल? दुसऱ्याची वस्तू हाय."

"आत्या, हे चालत नसतं."

"फुकट ठिवलं ते चाललं का?"

महेंद्रनं वाद सोडला. आत्या तोंडघशी पडेल, मग तिची तीच गप्प बसेल, असा विचार करून त्यानं तिच्या अटी जशाच्या तशा इंग्रजीत केल्या आणि वेबसाइटवर टाकल्या. खाली आत्याच्या सांगण्यावरून 'जय भीम' लिहिलं.

आठव्या दिवशी पहिली तारीख भाड्यानं गेली. ब्राझीलमधल्या एका दंतवैद्यानं मुलीच्या वाढदिवसासाठी आवाज घेतला. रात्री त्यानं फाइल मेलला जोडून प्रामाणिकपणे परत पाठवली आणि लिहिलं: माझ्याकडे तीन हजार टोन आहेत. सहा वर्षं मी रोज एक लावतो, बदलतो, दुसरा लावतो आणि झोपतो. एक गाणं पुरं केलेलं नाही. तुमचा आवाज एकच दिवस मिळणार म्हणून झक मारत गाणं संध्याकाळपर्यंत संपवलं. मुलगी रडली. जय भीम.

त्यानं ही गोष्ट आपल्यासारख्या इतर गिटारवेड्यांना कुठंतरी सांगितली असावी. महिन्याभरात मार्चअखेरपर्यंतच्या तारखा भरल्या. लोक कार्यक्रम कळवू लागले: लग्न, घटस्फोट, कुत्र्याची पुण्यतिथी. घटस्फोटाचा दर डायरीत नव्हता. भिमाबाईनं बराच विचार करून लग्नाचाच लावला. जर्मनीतल्या एकानं दोन महिन्यांत चार मयतं कळवली तेव्हा तिनं महेंद्रला सांत्वनाचं सविस्तर पत्र लिहायला लावलं. त्या माणसानं पत्र वाचून गुन्हा कबूल केला आणि चारही दिवसांचे पैसे भरले.

रोज रात्री आवाज परत यायचा. तीच फाइल, अक्षरशः तीच. महेंद्रच्या मेलमध्ये तिच्या शंभरावर प्रती साचल्या. सकाळी आत्याचा फोन ठरलेला.

"आला का?"

"आला."

"उघडून बघ. काय खरचटलंय का?"

सुरुवातीला तो न उघडताच 'ठीक आहे' म्हणायचा. फेब्रुवारीपासून, कुणाला सांगायची लाज वाटेल अशा रीतीनं, तो खरंच उघडून बघू लागला.

मे महिन्यात काष्टीच्या उत्सव समितीनं बुद्धपौर्णिमेला भिमाबाईचा कार्यक्रम ठरवला. समितीचे अध्यक्ष बिभीषण साळवे हौशी माणूस. डब्याची कीर्ती परदेशात गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी फ्लेक्स लावला, त्यावर मोठा फोटो डब्याचा आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी भिमाबाई.

कार्यक्रम संध्याकाळी पाचचा. चार वाजता डबा टेम्पोतून उतरला, स्टेजवर चढला. चारशेच्या आसपास माणूस मांडवात बसलं होतं. महेंद्र गिटार वाजवायला आला होता. त्यानं गिटारची वायर डब्याला जोडली, डबा खाकरला, पुढच्या रांगेतून टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. मेल होता. तो वाचून महेंद्रला हसू आलं आणि त्यानं आयुष्यातली एक मोठी चूक केली. मेल मोठ्यानं वाचला.

"आत्या, फिनलंडचा पेक्का लिहितोय, 'आज आवाज फार छान लागलाय. जय भीम.'"

भिमाबाई हार्मोनियमवाल्याशी बोलत होती, ती थांबली. "आज?"

"हो. त्याला सोमवारी सुट्टी असते. बस चालवतो तो."

"आजची तारीख कुनाला दिली म्हनलास?"

आता महेंद्रनं मोबाईलवर तारखांची यादी उघडली. तारखा लावताना आत्यानं बजावलं होतं, चौदा एप्रिल आणि वैशाखी पौर्णिमा सोडून. पौर्णिमा त्यानं सोडलीही होती, पण गेल्या वर्षीची, तेवीस मे. यंदा पौर्णिमा बारालाच आली होती.

भिमाबाई उठली, डब्याच्या मागं गेली आणि तिनं प्लग उपसून हातात घेतला.

"आत्या, अगं डबा इथं आहे! हात लावून बघ, गरम आहे!"

"डबा हितं हाय. आवाज तिकडं हाय. ज्याची तारीख त्याचा आवाज."

"त्याच्याकडं नक्कल आहे!"

"मंग खोट्याचे दोन हजार घेतलेस व्हय त्येच्याकडून?"

बिभीषण साळवे घाम पुसत धावत आले. "काय झालं, भिमाबाई? लाइट गेली का?"

"आवाज भाड्यानं गेलाय, भाऊ. माजी चूक हाय, आमच्या घरची. बिगर डब्याचं गाते, चालंल?"

साळव्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. पण लोकं डब्यासाठी आल्यात."

"त्ये बी खरंच हाय," भिमाबाई म्हणाली. "महेंद्रा, लाव त्याला फोन. आपन तारीख मागू."

फोन लागला. पेक्का हा शांत, दर वाक्यामागं थांबणारा माणूस निघाला. महेंद्र इकडचं तिकडे सांगू लागला. आपलाच आवाज आपल्यालाच भाड्यानं मागायचा, हे इंग्रजीत कसं म्हणावं हे त्याला आधी सुचेना. पेक्काला मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

"त्याला कळलंय," महेंद्र म्हणाला. "पण म्हणतो, गाणं अर्धं झालंय. चार महिने या तारखेची वाट पाहिली. साडेपाचपर्यंत संपेल, आपल्या घड्याळात. मग आवाज परत करतो."

"इच्यार, पैसे किती घेशील?"

"पैसे नको म्हणतो." महेंद्रनं ऐकलं. "विचारतोय, कार्यक्रम कशाचा?"

"सांग, बुद्धपौर्निमा."

"विचारतोय, माणसं किती?"

"चारशे."

मग पेक्का हळू आवाजात बोलला. महेंद्रनं फोनवर हात ठेवला.

"आत्या, तो म्हणतो, तो सव्वीस वर्षं गाणी करतोय, पण अजून कुणी समोर बसून ऐकलेलं नाही. उरलेलं गाणं चारशे माणसांनी ऐकलं तर त्याला चालेल का, असं... म्हणजे, आपल्याला चालेल का?"

भिमाबाईनं साळव्यांकडे पाहिलं. साळव्यांनी मांडवाकडे. मांडवानं कुणाकडेच पाहिलं नाही, त्याला अजून काही माहीत नव्हतं.

"लाव मायकाला," भिमाबाई म्हणाली.

साळव्यांनी घोषणा केली की फिनलंडचे सुप्रसिद्ध गायक पेक्काभाऊ आपली सेवा सादर करतील. महेंद्रनं मोबाईल माइकसमोर धरला. आणि मांडवभर डबा खाकरला. तोच डबा, जो प्लग काढलेल्या अवस्थेत स्टेजवर गप्प बसला होता. माणसं आधी डब्याकडे, मग फोनकडे, मग पुन्हा डब्याकडे बघू लागली. पेक्का गात होता, म्हणजे खालच्या पट्टीत कुणाला तरी काहीतरी समजावत होता. गाणं अकरा मिनिटं चाललं. सहाव्या मिनिटाला पुढच्या रांगेतल्या रंगुबाईनं डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "कोन वारलं गं?"

महेंद्रनं गाणं संपल्यावर पेक्काला अर्थ विचारला आणि माइकवर सांगितला. त्यांच्या गावची एक बस बंद झाली, तिच्यावर गाणं होतं.

"यष्टी बंद झाल्यावर रडू येनारच," रंगुबाई म्हणाली, आणि मांडवात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. साळव्यांना सत्काराशिवाय पाहुणा जाऊ देणं माहीत नव्हतं. त्यांनी मोबाईलला शाल पांघरली आणि वर गुलाबाचं फूल ठेवलं. शालीच्या आतून पेक्काचा हुंदका स्पीकरवर सगळ्यांना ऐकू आला.

पाच एकोणतीसला मेल आला. सोबत फाइल.

"आला परत," महेंद्र म्हणाला.

"नीट बघ."

त्यानं शाल बाजूला करून फाइल उघडली, शेवटपर्यंत तपासली. "ठीक आहे."

मग भिमाबाईनं प्लग लावला. महेंद्रनं तार छेडली. तो इन्व्हर्टर बसवणारा माणूस होता, वीज कुठून कुठं जाते हे त्याला कळत होतं; तरी त्याला स्पष्ट वाटलं की डबा नेहमीसारखा फाटत नाहीये, जरा आखडलाय. त्यानं आत्याकडे पाहिलं.

"थंडीतून आलाय," ती म्हणाली. "दोन गान्यात मोकळा हुईल."

तिसऱ्या गाण्याला तो मोकळा झाला. भिमाबाई साडेआठपर्यंत गायली, आणि पारनेरला परतण्याआधी तिनं महेंद्रला बजावलं की पेक्काचे अर्ध्या दिवसाचे हजार रुपये आपल्या बिदागीतून त्याला परत करायचे.

त्याच आठवड्यात आवाज विकणाऱ्या एका मोठ्या परदेशी दुकानाचं पत्र आलं. डब्याचा टोन त्यांना कायमचा हवा होता, कितीही जणांना विकायच्या परवानगीसह. रक्कम अशी, की इन्व्हर्टर बसवायला पुन्हा शिडी चढायला नको. माधुरीनं ती दोनदा वाचली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आत्याला फोन कर," ती म्हणाली.

महेंद्रनं फोन हातात घेतला. मग तो ठेवून त्यानं लॅपटॉप ओढला आणि उत्तर लिहिलं. ऑगस्टमध्ये सहा तारीख मोकळी आहे, एकोणीसही आहे. आधी कार्यक्रम कशाचा ते कळवावं.