चावी भरलेली चरखी

लायलॅकचं झुडूप फुललं की तळ्याच्या कडेला ब्लूगिल मासे घरटी करतात, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उथळ पाण्यातली वाळू शेपटीने झाडून ताटाएवढा खळगा करायचा आणि मग नराने त्यावर पहारा द्यायचा. मासा तळहाताएवढा, तव्यात तीन मावतील असा. पण पहाऱ्यावर असला की एवढा चिडका, की गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी समोर पडली तर भूक नसतानाही अंगावर धावून येतो. जूनचे ते दोन आठवडे आर्विड लिंडाल आणि मर्ल श्रोडर यांनी तीस वर्षांत एकदाही चुकवले नव्हते. एकच होडी, एकच थर्मास, आणि दिवसभर एकमेकांची टिंगल.

या वर्षी लायलॅक फुलून चार दिवस झाले तरी मर्ल खिडकीजवळच्या खुर्चीतून उठला नव्हता.

फेब्रुवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. बोलणं परत आलं. पायही बऱ्यापैकी आला, काठी टेकत अंगणापर्यंत जायचा. डावा हात मात्र मांडीवर ठेवावा तिथेच पडून राहायचा. सुताराचा हात तो! गावातल्या निम्म्या घरांचे जिने त्या हाताने केलेले, होडीसुद्धा त्यानेच बांधलेली.

मर्लची बायको लव्हॉन ही आर्विडची धाकटी बहीण. तिने पाचव्या दिवशी फोन केला.

"आर्विड, तो होडी घेऊन जा म्हणतोय. तुझ्याकडे ठेव म्हणतोय, कायमची."

"वेडाबिडा झालाय का?"

"वेडा झाला असता तर परवडलं असतं रे. शांत झालाय. काल मी बटाट्याचं सूप खारट केलं, तर एक शब्द बोलला नाही." तिचा आवाज फुटला. "या जूनमध्ये तो पाण्यावर गेला नाही ना, तर पुढच्या जूनला मला तो दिसायचा नाही. मला कळतं ते."

आर्विडने फोन ठेवला. मग गॅरेजमध्ये जाऊन त्याने भिंतीवरची आपली गळाची काठी काढली.

त्या काठीला होती चावीची चरखी. चीजच्या कारखान्यात लागला त्या वर्षी हौसेने घेतलेली. दोरी ओढून बाहेर काढली की आतली स्प्रिंग भरत जायची. मासा लागला की काठी धरलेल्या हाताच्याच करंगळीने खटका दाबायचा, की झर्रकन दोरी आत! दुसऱ्या हाताला काम नाही. मर्लने तीस वर्षं या चरखीची इज्जत ठेवली नव्हती. "आळशाचं घड्याळ" हे तिचं नाव. "अरे, दोरी डाव्या हाताच्या बोटांतून गेली पाहिजे," तो म्हणायचा, "मासा काय म्हणतोय ते बोटांना कळतं. तुझ्या त्या खटक्याला काय कळणार, डोंबल?" संध्याकाळी धक्क्यावर आल्यावर आर्विड न चुकता स्प्रिंगमधला उरलेला ताण सैल करायचा. ताणलेली ठेवली की तिचा जीव जातो, असं त्याचं म्हणणं. त्यावर मर्लचा ठरलेला प्रश्न: "काय, झोपवलंस का बाळाला?"

आता तीच चरखी मर्लच्या हातात द्यायची होती. आणि कशी देणार? कीव केलेली मर्लला आयुष्यात चालली नाही. सरळ पुढे केली असती तर त्याने ती खिडकीतूनच भिरकावली असती, आणि वर पुन्हा त्या खिडकीशी बसलाच असता.

आर्विडने आधी अंगणात स्वतः करून पाहिलं. दोरी मापाने ओढून बाहेर काढली, मग डावा हात पँटच्या खिशात घातला आणि उजव्या हाताने फेक केली. गवतावर माशी अलगद उतरली. करंगळीने खटका दाबला, दोरी आत आली. झकास! एका हाताचं काम. शेजारीण कुंपणावरून बघत होती, तिला त्याने मान डोलावून नमस्कारही केला. आपल्या अकलेवर भलताच खूश झाला गडी. चूक तिथेच झाली होती, पण ती पुढे कळायची होती.

दुसऱ्या दिवशी तो मर्लच्या ओसरीवर गेला आणि काठी बाकावर आपटलीच जवळजवळ.

"घे. तुझंच खरं. काही कामाची नाही ही चरखी. मी साधी, हाताने फिरवायची घेतली. ही कचऱ्यात टाक, नाहीतर भंगारवाल्याला दे."

मर्लने खिडकीतून पाहिलं. "तीस वर्षांनी उजेड पडला वाटतं डोक्यात."

"पडला एकदाचा."

"मग तुझ्या कचऱ्याला माझी ओसरी कशाला?"

याला उत्तर आर्विडने ठरवून आणलं नव्हतं. "वाटेत होती," म्हणाला आणि सटकला.

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी लव्हॉनचा फोन आला, कुजबुजत. "मी रुबार्बची देठं चिरत होते. ओसरीतून आवाज आला. झर्र! मी हललेच नाही रे जागची. पाच मिनिटांनी म्हणाला, जरा ही दोरी ओढून दे गं, बघू काय खेळणं आहे ते. ओढून दिली, तर पुन्हा झर्र!" एवढं बोलून ती रडायला लागली, आणि इकडे आर्विडलाही नाक पुसावं लागलं.

त्या रात्री मर्लचा स्वतःचा फोन आला. "उद्या पाच वाजता. होडी तू ढकल. तुझ्या त्या भंगारात नेमकं वाईट काय आहे ते मला एकदा बघायचंय."

सकाळी पाण्यावर धुकं होतं. मर्लला होडीत बसवताना आर्विडने हात पुढे केला नाही, नुसती होडी घट्ट धरून ठेवली. मर्ल बाकावर बसला, डावा हात उजव्याने उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "चल."

घरटी जुन्याच जागी होती, वाकलेल्या सीडरच्या झाडाखाली. आर्विडने मर्लची दोरी मापाने ओढून दिली आणि आपली काठी उचलली. आणि आता खरं सांगायचं तर, आर्विडला साधी चरखी वापरता येत नव्हती. तीस वर्षं करंगळीने काम केलेला माणूस तो! हाताने ओढलेली दोरी त्याच्या पायाशी पडली, बुटात अडकली, वल्ह्याभोवती गुंडाळली.

मर्ल बघत होता. "हे काय चाललंय, विणकाम?"

"तू तुझं बघ."

मर्लने काठी मागे नेली, पुढे झुकवली. फेक थोडी आखूड पडली. दुसरी बरोबर घरट्याच्या कडेला. बुळुक्क! काठी वाकली. मर्लच्या करंगळीने खटका दाबला, चरखी गुणगुणली, आणि निळ्या गालांचा, नारिंगी पोटाचा नर फडफडत होडीत आला. मर्लने काठी मांडीवर टाकली, मासा बाकावर दाबून धरला, अंगठ्याने गळ काढला. सगळं उजव्या हाताने. पहाऱ्यावरचा गडी म्हणून त्याला परत सोडून दिला. "जा बाबा, घर सांभाळ तुझं," म्हणाला.

आर्विडचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच परत बाहेर आला. कारण दोरी सगळी आत गेली होती, माशी काठीच्या टोकाशी लोंबत होती, आणि दोरी पुन्हा बाहेर ओढायची तर दुसरा हात लागतो. अंगणात डावा हात खिशात घातला होता, तो दोरी ओढून झाल्यावर! असा गाढवपणा स्वतःचाच असला की शिवी तरी कुणाला द्यायची?

मर्लने काठी गुडघ्यांत धरून पाहिली. डाव्या गुडघ्यात जोर नव्हता, ती निसटली. मग त्याने दोरी दातांत धरली आणि मान मागे नेली. स्प्रिंगचा ताण होता, दोरीबरोबर वरची कवळीच बाहेर आली. ती त्याने मांडीवर झेलली, पाण्यात विसळली, तोंडात परत बसवली. आर्विडला हसावं की रडावं कळेना. तो सीडरच्या झाडाकडे पाहत राहिला. मदत करू म्हणणं त्याच्या जिभेवर होतं. पण तो शब्द एकदा त्याच्याकडून निघाला की मर्ल पुन्हा कधी या होडीत बसणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"घरी चल," मर्ल हळू म्हणाला.

"एक फेक करतो, मग जाऊ." काय करावं ते सुचेना म्हणून आर्विड बोलला, आणि घाबऱ्याघुबऱ्या काठी मागे नेली. पायाखाली अडकलेली दोरी ताणली गेली, माशी वळली, आणि गळ कचकन त्याच्याच पाठीत बसला. दोन खांद्यांच्या बरोबर मधे, सदऱ्यातून कातडीत.

"आई गं!" त्याने उजवा हात वरून नेला, डावा खालून नेला. कुठलाच पोचेना. दोन्ही हात धडधाकट, पण उपयोग शून्य. "मर्ल, काढ रे. मला नाही जमत."

मर्लने ते धडपडणारे दोन्ही हात पाहिले. मग त्याचे खांदे हलायला लागले. फेब्रुवारीपासून कुणी त्याला हसताना पाहिलं नव्हतं, आणि आता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. "वळ. सरळ बस. हलू नकोस, म्हाताऱ्या." त्याचा उजवा हात सुताराचाच होता, एका हिसक्यात गळ बाहेर. वर रुमाल दाबून धरला त्याने, बराच वेळ, रक्त थांबेपर्यंत.

"आर्विड," तो मागूनच म्हणाला, "ही चरखी माझ्या ओसरीवर टाकलीस ना, तेव्हा दोन-चार हात दोरी बाहेर होती, आणि स्प्रिंग भरलेली होती."

आर्विड बुटाच्या टोकाने दोरीचा गुंता ढकलत राहिला.

"तीस वर्षं रोज संध्याकाळी ती सैल केलीस तू. कचऱ्यात टाकायची वस्तू कुणी चावी भरून, वर नवी कोरी दोरी चढवून ठेवतं का रे? मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं." रुमाल काढून त्याने घडी केली. "दोन दिवस चिडून बसलो होतो तुझ्यावर. मग दाबला खटका."

धुकं विरलं होतं. आर्विडला मागे वळायचा धीर होईना. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून काठीचं टोक पुढे आलं, माशी लोंबत असलेलं.

"ओढ," मर्ल म्हणाला. "मला नाही जमत."

आर्विडने दोरी धरली आणि ओढली. चरखी किर्रकिर्र करत भरत गेली. वीस वाव, तीस वाव ओढत बसला असता तो, पण मर्ल ओरडला, "पुरे, पुरे! तळं काय पलीकडच्या जिल्ह्यात आहे का?"

दहा वाजेपर्यंत तव्याला पुरतील इतक्या माद्या आणि घरटं सोडून आलेले दोन आगाऊ नर बादलीत होते. मर्ल दाबायचा, आर्विड ओढायचा. आपली काठी आर्विडने होडीच्या तळाशी ठेवून दिली होती.

धक्क्यावर लव्हॉन शाल अंगाभोवती लपेटून उभी होती. ती बादलीत बघत राहिली. मर्लने काठी आडवी धरली आणि अंगठ्याने स्प्रिंग सैल करायची कळ चाचपली.

"झोपवतो आता तुझ्या बाळाला," तो म्हणाला.

"राहू दे," आर्विड म्हणाला. "भरलेली राहू दे. सकाळी लागणारच आहे."