वरवंट्याचे दोन ठोके

नायगावच्या बीडीडी चाळीतली भिंत काँक्रीटची. हाताची थाप पलीकडे पोचत नाही. म्हणून शेजारणी रखमा तांबे आणि शैला गावडे यांच्यात जिचा चहा आधी होई ती वरवंट्याने भिंतीवर दोनदा ठोकत असे. दुसरी कप घेऊन येई. चाळीस वर्षांत भिंतीला खळगा पडला.

चाळ पाडून तिथे टॉवर होणार होता, आणि उद्या शैला खोली सोडणार होती. रखमाला तिच्याबरोबर शेवटचा चहा प्यायचा होता. पण रखमाला कालपासून कणकण, खोकला. आणि शैलाची गेल्या वर्षी किडनी बदललेली. तिला साधा तापही झेपला नसता.

रखमाची नात संघमित्रा लॅबमध्ये कामाला होती. तिने जेवणाच्या डब्याएवढं यंत्र आणलं. आजीच्या नाकात काडी फिरवून ती नळीत बुडवली, थेंब यंत्रात सोडले.

"अर्धा तास. विषाणूचा अंश जरी असला तरी सापडेल."

शैला मास्क लावून आपल्या दारात उभी होती. पुढे यायला तिला मनाई होती.

"काय गो रखमे, गावलो काय तुझो जंतू?"

"शिजतोय अजून."

"आपल्या पोरांना गोवर आला तेव्हा कुठली मशीन होती? दाराला कडुलिंब लावला नि पाचही जणांना तुझ्या खोलीत कोंबलं."

"आणि तुझ्या सुशांतने माझी गोधडी भिजवली, ते सांग की!"

दोघी हसल्या. रखमाला खोकल्याची उबळ आली. शैलाचं हसू थांबलं.

रखमाने आवाज खाली आणला. "मित्रा, काहीही येऊ दे, निगेटिव्ह सांग. एक कप चहा फक्त. टॉवरमध्ये ती कुठल्या मजल्यावर, मी कुठल्या!"

"आजी, ती किडनी प्रितीमावशीची आहे. पोटच्या पोरीने दिलेली."

रखमाने पदर तोंडावर धरला.

यंत्र वाजलं. संघमित्राने त्याची स्क्रीन समोर धरली. इन्फ्लुएन्झा, पॉझिटिव्ह. रखमाने स्वतःच हाक मारली.

"शैले, आत जा. दार लाव. फ्लू आहे."

शैला क्षणभर तशीच उभी राहिली. मग दार लागलं.

रखमाने आधण ठेवलं. चहा उकळल्यावर वरवंटा उचलला आणि खळग्यात दोनदा ठोकलं. पलीकडे शांतता. ती कप भरेपर्यंत शांतताच होती. मग दोन ठोके आले.

"काय म्हणतेय?" संघमित्राने विचारलं.

"काय म्हणणार? चहा झालाय, ये म्हणते."

रखमाने स्टूल भिंतीला लावलं आणि कप घेऊन पाठ टेकून बसली.