सज्ज्यावरचा पाचवा

स्कार्वो बेटाच्या राजघराण्यात प्रिन्स एस्किल धाकटा, आणि धाकट्याला काम एकच: उद्घाटनाच्या फिती कापणं. बत्तिसाव्या वर्षापर्यंत त्याने इतक्या फिती कापल्या होत्या, की टोकाला टोक जोडून अख्खं बेट दोनदा गुंडाळता आलं असतं आणि वर गाठ मारायलाही थोडी उरली असती.

त्याला लग्न करायचं होतं गुनवोरशी. ती खाडीत फेरीबोट चालवायची. एकदा राजेसाहेब तिच्या दोरखंडावर पाय देऊन उभे होते, तेव्हा ती ओरडली होती, "ओ आजोबा, पाय उचला! पाण्यात जायचंय का?" राजेसाहेबांनी पाय उचलला, राग मात्र सोडला नाही.

कायदा असा, की गादीच्या रांगेतल्या पहिल्या पाचांना राजाच्या परवानगीवाचून लग्न करता येत नाही. पहिला थोरला भाऊ, मग त्याची तीन मुलं, पाचवा एस्किल. सहाव्याने समुद्रातल्या एखाद्या सीलशी जरी लग्न लावलं असतं, तरी दरबाराने फक्त आहेर पाठवला असता.

म्हणजे भावाला आणखी एक मूल व्हायला हवं होतं.

एस्किलने चकार शब्द न काढता तिन्ही पोरं सांभाळायला घेतली. न्हाऊ घालणं, हेरिंग माशाचे काटे काढून भरवणं, नाकं पुसणं. पोरं इतकी शहाणी झाली, की राजवाड्यात वर्षभर रडण्याचा आवाज नाही. दोन दाया कंटाळून नोकरी सोडून गेल्या.

एका दुपारी वहिनी, म्हणजे युवराज्ञी इंगेलीज, त्याच्यासमोर येऊन बसल्या. तो विणत होता.

"भावजी, हा मोजा कोणासाठी?"

"असाच."

"एवढासा? आमच्या धाकटीचा अंगठाही जायचा नाही यात."

"आटला असेल."

"विणता विणताच? लग्न तुमचं, आणि बाळंतपण मी काढायचं होय?"

एस्किलच्या सुया थांबल्या. "वहिनी, तुम्ही नको म्हणालात, तर पुन्हा हा विषय काढणार नाही."

"विषय काढलात कुठे? मोजा काढलात." त्या उठल्या. "दुसऱ्या पायाचाही विणा, मार्चमध्ये लागेल. तुमच्यासाठी नाही हं. तिसरा महिना चालू आहे. तुम्ही सोडून सगळ्यांना ठाऊक आहे."

मार्चमध्ये मुलगी झाली. नामकरणाच्या दिवशी घराणं सज्ज्यावर आलं. तिथे राजाशेजारी पहिल्या पाचांनीच उभं राहायचं. एस्किल सवयीने पुढे झाला, तर कारभाऱ्याने अदबीने जिना दाखवला.

"एकदा विचारायचंस तरी," राजेसाहेब समोर बघत म्हणाले.

"तीनदा विचारलं, बाबा."

"चौथ्यांदा हो म्हणालो असतो."

म्हणाले असते की नाही, ते आता कधीच कळणार नव्हतं. एस्किलने वाकून नमस्कार केला आणि जिना उतरला.

चौकात गर्दीच्या पार मागे गुनवोर उभी होती. तिच्याशेजारी जाऊन त्याने वर पाहिलं. सज्जा त्याने खालून कधी पाहिलाच नव्हता. सोन्याच्या मुलाम्याखाली चिरे सुटले होते आणि सगळा डोलारा कुजक्या लाकडाच्या तीन टेकूंवर उभा होता.

"हे असंच आहे?" त्याने विचारलं.

"माझ्या लहानपणापासून," गुनवोर म्हणाली. "म्हणून तर आम्ही इतक्या लांब उभे राहतो."