आत्याने द्यायची बॅग

आमच्या घरात नवरीची बॅग आत्याने द्यायची असते. मामाचा मान वेगळा, मावशीचा वेगळा, पण बॅग आत्याची. ती रिकामी द्यायची नाही. आत मूठभर तांदूळ, नारळ आणि एक कोरी साडी ठेवायची, वर कुंकू लावायचं आणि मग बॅगेची मूठ नवरीच्या हातात द्यायची. माझ्या वेळी बॅग नव्हती, पत्र्याची ट्रंक होती. ती काल्हेरहून कशेळीला गेली, म्हणजे टेम्पोत चढवली न चढवली तोच उतरवायची वेळ आली. तिला चाकं नव्हती आणि लागलीही नाहीत.

माझी भाची क्षितिजा मात्र जर्मनीला निघाली होती. लग्न करून नव्हे, नर्सच्या नोकरीवर, तीन वर्षांच्या करारावर. ठाण्याच्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या करत आणि दिवसा जर्मन शिकत तिने ती नोकरी मिळवली होती. बातमी कळली त्याच दिवशी मी सांगून टाकलं, "बॅग मी देणार."

"ती काय नवरी हाय?" माझा भाऊ केसरीनाथ म्हणाला. "लगीन होईल तवा दे. आता ती निली बॅग हाय ना माल्यावर, ती नेल. थंडीत चार महिने काढल नि येईल परत."

इथे माझं डोकं फिरलं. दादाने पोरीला अडवलं नव्हतं. उलट बँकेत, पासपोर्टला, सगळीकडे तोच तिच्याबरोबर हिंडला होता. पण ती जाते आहे असं त्याच्या तोंडून निघत नव्हतं. शेजारच्या ठमाबाईने त्याला गेटवरच विचारलं, "केसरी, पोर कुठं चालली म्हने?" तर हा म्हणाला, "फिराला चालली." मागे क्षितिजा उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं. इतक्या कष्टाने मिळवलेली नोकरी बापाने सहलीत काढली होती. पोरीला परवानगी मिळाली होती, निरोप मिळत नव्हता, आणि निरोपाशिवाय ती गेली असती तर तिकडे सुखाने झोपली नसती. मी ठरवलं, हिला नवरीसारखीच बॅग द्यायची आणि ती तीन वर्षं टिकेल अशी द्यायची.

बॅगांमधलं मला कळतं. काल्हेरच्याच एका गोदामात मी रिटर्नच्या टेबलावर ड्युटी करते. लोकांनी ऑनलाइन मागवून परत पाठवलेला माल उघडायचा आणि काय बिघडलंय ते कॉम्प्युटरला सांगायचं. भावाचे स्वतःचे गाळे भाड्याने दिलेले असताना त्याची विधवा बहीण दुसऱ्याच्या गाळ्यात राबते, यावर गावाचं बोलून झालंय. घरी बसले तर मी सगळ्यांचं डोकं खाईन, हे गावाला माहीत नाही. तर त्या टेबलावर बॅगा येतात. अंग नवंकोरं, चेन ठीक, कुलूप ठीक आणि एक चाक गायब. चाक रिव्हेटने, म्हणजे पुन्हा न उघडणाऱ्या खिळ्याने ठोकलेलं असतं, त्यामुळे ते गेलं की बॅग गेली. एवढी मोठी वस्तू एवढ्याशा चाकापायी भंगारात जाते, याचा मला दर वेळी नव्याने राग येतो.

सुट्टीच्या दिवशी क्षितिजाला घेऊन मी भिवंडीत गेले. धामणकर नाक्यापासून तीनबत्तीपर्यंत बॅगांची जेवढी दुकानं दिसली तेवढी पालथी घातली. दुकानदार रंग दाखवायचा, कप्पे दाखवायचा आणि मी बॅग उलटी करून तिचे पाय बघायची.

"चाक टूटने के बाद क्या?" मी विचारायची.

"टूटेगा ही नहीं, दीदी."

"टूटेगा. उसके बाद क्या?"

"वॉरंटी है ना. कंपनी को भेज दो."

"कंपनी इधर और लडकी उधर. भेजेगी कैसे?"

तीन दुकानांनंतर क्षितिजा बाहेर उभी राहायला लागली. "आत्या, लोक बघतायत गं," ती म्हणाली. मी म्हटलं, बघू देत. तिकडच्या स्टेशनात तुझी बॅग लंगडायला लागली की तिथलेही लोक बघतील.

मंडईजवळच्या एका जुन्या दुकानात मालकाने माझं सगळं ऐकून घेतलं, शिडी लावली आणि वरच्या फळीवरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक मोठी बॅग काढली. "ये कोई लेता नहीं," तो म्हणाला. "दिखती अच्छी नहीं." खरंच नव्हती. रंग शेणाने सारवल्यासारखा. पण मी ती उलटी केली तर चारही चाकांना स्क्रू. आतल्या अस्तराला बारीक चेन होती, ती उघडली की स्क्रूंचं दुसरं टोक हाताला लागत होतं. कापड जाड, कडांना दुहेरी शिवण.

"खोल के दिखाओ," मी म्हटलं. त्याने स्क्रूड्रायव्हर आणला, चाक काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि पुन्हा बसवलं. मी वरची मूठ इतक्यांदा वर-खाली केली की त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. त्याच मापाची आणखी चार चाकं हवीत म्हटल्यावर त्याने ती मागवून ठेवायचं कबूल केलं.

"आत्या, अगदीच मळकट रंग आहे," क्षितिजा रिक्षात म्हणाली.

"मग मळलेली दिसणार नाही," मी म्हटलं आणि विषय संपवला.

चाकं आली, मी बॅग घेऊन माहेरी गेले, तर ओटीवर दादाची बॅग उभी. लालभडक, चकचकीत आणि एवढी मोठी की आत एक माणूस झोपला असता. दादा गाळे भाड्याने देतो, त्यामुळे त्याला सगळं जग स्क्वेअर फुटात दिसतं. माळ्यावरची निळी लहान पडेल म्हणून दुकानात जाऊन त्याने टेप लावून बॅग मोजली होती आणि सगळ्यात जास्त जागा जिच्यात निघाली ती उचलली होती. हौसावहिनी तिच्यात तांदूळ, मसाला, पापड, सुकट, बोंबील असं भरत बसली होती. क्षितिजा कोपऱ्यात उभी राहून सांगत होती की विमानात तेवीस किलोच्या वर नेता येत नाही. कोणी ऐकत नव्हतं.

"चार महिन्यांचा जेवान मावला पायजे," दादा म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने बॅग घेतली नव्हती, चार महिन्यांची शिधासामग्री घेतली होती. ती संपली की पोर घरी.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मेन रोडपर्यंत ओढून दाखव. तिकडे ती एकटीच ओढणार आहे."

दादा इरेला पेटला. अंगणातल्या पेव्हर ब्लॉकवरून बॅग थाटात गेली. पण गेटबाहेरचा रस्ता कंटेनरच्या गाड्यांनी खाल्लेला. पहिल्या खड्ड्यात बॅग अडखळली, दुसऱ्यात कलंडली आणि दादाच्याच गाळ्यासमोर तिचं चाक कट्कन सुटून गटाराच्या कडेला गेलं. दादाने ते उचललं, बॅग आडवी करून त्या जागी दाबून बघितलं. उघडायला काही नव्हतं.

"ह्याला बसवाचा कसा?"

"नाही बसत. फेकायची."

"पयल्याच वाटेला?" तो म्हणाला आणि गाळ्याच्या पायरीवर बसला. ते चाक हातात फिरवू लागला. मग माझ्याकडे न बघता बोलला, "विने, जास्ती टिकल अशी बॅग दिली तं ती तिथंच रवल. मना एकच पोर हाय."

माझा राग जागच्या जागी विरघळला. मला भाऊ कळला, आणि मला त्याची दयाही आली. पण दया आली म्हणून मी माघार घेणारी नव्हे. "दादा," मी म्हटलं, "बॅग मोडली म्हणून पोर परत येत नाही. मोडक्या बॅगेशी रस्त्यात एकटी बसून राहते. तुला ते चालेल?"

त्याने तुटकं चाक खिशात घातलं, लाल बॅग खांद्यावर घेतली आणि घराकडे चालायला लागला.

निघायच्या दिवशी सकाळी मी माझी मळकट बॅग ओटीवर मांडली. रीतीप्रमाणे तांदूळ, नारळ आणि साडी आत ठेवली. वहिनीने क्षितिजाच्या कपड्यांबरोबर मसाला आणि थोडी सुकट तेवढी भरली, बाकीचं डोळे पुसत बाजूला काढलं. मी कुंकवाचा करंडा हातात घेतला, तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब."

तो आतून स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता. मला वाटलं आता हा चाकं काढून घेतो की काय. त्याने खाली बसून आतलं सामान बाजूला सारलं, अस्तराची चेन उघडली, एक चाक खोललं आणि पुन्हा बसवलं. त्याचे हात सावकाश चालत होते. मग स्क्रूड्रायव्हर क्षितिजाच्या पुढे केला.

"आता तू कर."

"बाबा, गाडी येईल."

"येऊं दे. तिथं कोन येनार हाय तुना बसवून द्याला?"

क्षितिजा नव्या ड्रेसनिशी फरशीवर बसली. पहिल्यांदा स्क्रू तिरका गेला. "काढ," दादा म्हणाला. दुसऱ्यांदा तिने तो ढिला ठेवला. "पुन्ना काढ." मेन रोडवरून गाडीवाला हॉर्न द्यायला लागला, वहिनी कळवळली, पण दादा हलला नाही. शेवटी चाक बरोबर बसलं. त्याने बोटाने फिरवून बघितलं. ते गरगर फिरलं. सुटी चारही चाकं आणि स्क्रूड्रायव्हर त्याने स्वतःच्या रुमालात बांधून बॅगेत अगदी तळाशी ठेवले, आणि कपाळ पुढे करून उभ्या असलेल्या पोरीला माझ्या करंड्यातलं कुंकू माझ्याआधी त्यानेच लावलं. मी बॅगेला कुंकू लावून तिची मूठ क्षितिजाच्या हातात दिली तेव्हा मला काही नीट दिसत नव्हतं.

गाडी मेन रोडला उभी होती, कारण आमच्या रस्त्यात शिरायला ड्रायव्हर तयार नव्हता. क्षितिजा बॅग ओढत पुढे निघाली. त्याच खड्ड्यांतून, त्याच गाळ्यांसमोरून. बॅग दोनदा हेलकावली आणि सरळ झाली. ठमाबाई भाजी घेऊन समोरून येत होती. तिने पोरीकडे बघितलं, मग बॅगेच्या कुंकवाकडे, मग दादाकडे.

"केसरी, आज चालली का पोर? फिराला?"

"फिराला न्हाय," दादा म्हणाला. त्याचा आवाज रस्त्याच्या पार गेला. "जर्मनीला चालली, नोकरीला. तीन वर्सांसाठी." क्षितिजा थांबली आणि वळली. दादाने तिला हाताने पुढे जायची खूण केली. "चाक मोडला तरी भ्या न्हाय," तो ठमाबाईला म्हणाला. "तिचं तिला बसवता येतंय."