उद्या तरस बघायचं

अंगठ्याएवढी पांढरी बाटली, तिच्या नळीवर पारदर्शक टोपण, आणि टोपणाखाली छापलेली तारीख इतकी बारीक की खिडकीपाशी नेऊन उजेडात धरल्याशिवाय वाचता येत नाही — आणि वाचली तरी नीरजाला ती पुन्हा वाचावीशी वाटते, कारण मघाशी साल बरोबर वाचलं ना?... वाचलं. अजून पुष्कळ महिने आहेत. तिने बाटली पर्सच्या पुढच्या कप्प्यात ठेवली. मग काढून मधल्या कप्प्यात ठेवली, कारण पुढचा कप्पा मेट्रोच्या तपासणीत उघडायला लावतात, कुणीतरी मोठ्यांदा विचारेल, ये क्या है मैडम, आणि कादंबरी शेजारीच उभी असेल. मग परत पुढच्याच कप्प्यात, कारण मधल्या कप्प्याची चेन अडकते, आणि वेळ आली तर... आकडी आली की नाकात एक फवारा, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घाबरायचं नाही. घाबरायचं नाही म्हणे! हे सांगणाऱ्यांना मुली नसतात का?

उद्या रविवार. उद्या झूमध्ये जायचं, सगळ्यांनी — ती, नवरा यतीन, मुलगी कादंबरी आणि परतवाड्याहून आलेले नीरजाचे वडील, अप्पा. इतकी साधी गोष्ट! दिल्लीतली निम्मी माणसं पोरांना घेऊन तिथेच जातात, वाघ बघतात, माकडांना वाकुल्या दाखवतात आणि पाय दुखले पाय दुखले म्हणत घरी येतात. गेटपासून हत्तीपर्यंत सावली आहे का, बॅटरीवरची गाडी मधेच थांबवता येते का, जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि रविवारी तिथे मेंदूचा डॉक्टर असतो का, हे त्यांतलं कुणी विचारत नाही. नीरजाला ते सगळं पाठ आहे. वाघ कुठे आहे ते मात्र तिने अजून बघितलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात शाळेतून फोन आला होता. मैडम, जल्दी आइए, कादंबरी को दौरा पड़ा है. आणि इतकी वर्षं गुरुग्राममध्ये काढून, भाजीवाल्यापासून बॉसपर्यंत सगळ्यांशी दिवसभर हिंदी बोलूनही त्या घडीला तिच्या डोक्यातली मराठीच आधी जागी झाली — दौरा? कसला दौरा? मंत्री करतात तो? मुलांना कुठे सहलीला नेलंय की काय? — अर्धा क्षण, त्याहून जास्त नाही, पण त्या अर्ध्या क्षणात तिची मुलगी प्रार्थनेच्या रांगेत फरशीवर हातपाय झाडत होती आणि आई इकडे सहलीचा विचार करत होती. हे तिने यतीनलाही सांगितलेलं नाही. सांगायचं तरी काय? डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवू नका, झोप पुरी होऊ द्या, बाकी मुलीला मुलीसारखी वाढवा. नीरजाने मान डोलावली, घरी आली आणि बाथरूमची आतली कडी काढून टाकली. पोहणं बंद. सायकल बंद. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं तर आई सोबत, आणि आई सोबत म्हणजे केक कापताना सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी.

झूचं याआधी दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. दिवाळीनंतर हवा इतकी वाईट होती की समोरचा टॉवर दिसत नव्हता. जानेवारीत थंडी आणि धुकं. दोन्ही वेळा कादंबरी रडून रडून झोपली होती आणि नीरजाला वाईट वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. पण आता फेब्रुवारी संपत आला. सोसायटीच्या गेटबाहेर सावर लालभडक फुललीय, आभाळ असं निळं की फोनमधला हवेचा आकडासुद्धा बिचारा शहाण्यासारखा वागतोय. आता कुणावर ढकलणार?

आणि त्यातच हे नवीन. कालपासून कादंबरी गप्प आहे.

काल जेवताना तर किती खिदळत होती. अप्पांनी भाकरी मोडता मोडता तिच्या शब्दाची थट्टा चालवली होती — "चिडियाघर? म्हणजे नुसत्या चिमण्याच का गं तिथे?" — आणि प्राणिसंग्रहालय म्हणताना तिची जीभ अडखळत होती. प्राणि-संग-राहालय. सगळे हसले. नीरजा गरम भाकऱ्या आणायला आत-बाहेर करत होती. आतून तिला अप्पांचा आवाज ऐकू आला, "वाघ-सिंह काय, सगळेच बघतात. मी माझ्या नातीला तरस दाखवणार!" ती भाकरी घेऊन बाहेर आली तर मुलगी ताटाकडे बघत बसलेली. पुढ्यातली अर्धी भाकरी तशीच. "झालं माझं," म्हणून उठून गेली.

आज सकाळी तेच. दुधाचा कप समोर, नजर कपाच्या पलीकडे कुठेतरी.

"कादंबरी... कादू... ऐकतेयस ना?"

"हं."

पण हं यायला उशीर झाला. झाला ना? डॉक्टरांनीच सांगितलं होतं की दर वेळी हातपाय झाडायलाच हवेत असं नाही, कधी मूल नुसतं बघत राहतं, हाक मारली तरी क्षणभर नसतंच तिथे, मग परत येतं आणि त्याला काही आठवत नाही. क्षणभर नसतंच तिथे... म्हणजे काल ताटापाशी ती होती की नव्हती? आणि नसेल, तर ही सुरुवात आहे का? मन चिंती ते वैरी न चिंती. नीरजाच्या मनाला तर वैऱ्याची गरजच उरलेली नाही.

तिने यतीनला फोन लावला. तो मानेसरच्या कारखान्यात, शनिवारची पाळी, मागे यंत्रांचा खणखणाट.

"नीरजा, यार, पोरगी आहे. मूड असतो."

"मूड नाही तो. ती कुठेतरीच बघत होती."

यंत्रं खणखणत राहिली. मग तो म्हणाला, "मग उद्याचं कॅन्सल करायचं का?" चिडून नाही, शांतपणे म्हणाला, आणि तिला कळलं की आपण हेच ऐकायला फोन केला होता. त्याने म्हणावं, म्हणजे मोडणारा तो ठरेल. चोराच्या मनात चांदणं! "बघू," ती म्हणाली, "संध्याकाळी ठरवू."

अप्पा बाल्कनीत खुर्ची टाकून, खालच्या मुंगीएवढ्या गाड्या बघत बसले होते.

"अप्पा, उद्याचं राहू द्यायचं का? तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?"

"काय झालं? ताप आहे पोरीला?"

"नाही. गप्प आहे कालपासून."

"मग रुसली असेल. कादंबरी नाव ठेवलंत ना? एखादं प्रकरण मुकं निघायचंच."

"तुम्हाला नाही कळायचं ते."

"ज्याचं जळतं त्याला कळतं, खरं आहे बाई," अप्पा म्हणाले. "पण तू साप साप म्हणून भुई धोपटतेस, एवढंच मला दिसतं."

तिला असा राग आला! काय माहीत आहे यांना? यांनी फक्त फोनवर ऐकलंय. ती स्वयंपाकघरात गेली, ओटा पुसला, पुसलेला परत पुसला... आणि मधेच चिखलदऱ्याचा घाट. संध्याकाळ, अप्पांची स्कूटर, मागे ती, कादंबरीएवढीच असेल, आणि वळणावर अप्पांनी गाडी थांबवलेली. रस्त्यात काहीतरी उभं होतं, पुढून उंच, मागून खचलेलं, अंगावर पट्टे. "तरस आहे," अप्पा हळूच म्हणाले होते, "हलू नको. नीट बघून घे." तिने त्यांचा सदरा गच्च धरला होता, पण तिने बघितलं. ते गेलं. अप्पांनी किक मारली. घाबरलीस का म्हणून एकदा वळून विचारलं नाही माणसाने! पोर मागच्या मागे पडली असती तर? किंचाळली असती तर? आज विचार केला तरी अंगावर काटा येतो — आणि तरीही त्या संध्याकाळी घरी येताना आपण मोठ्या झालो असं जे वाटलं होतं, तसं पुढे नोकरी लागल्यावरही वाटलं नाही, हेही खरं.

दुपारी ती कादंबरीच्या खोलीत गेली. मुलगी पलंगावर पालथी पडून भिंतीकडे बघत होती. नीरजाने आधी तिचे डोळे बघितले, मग बोलली.

"उद्या नको जायला, कादू. होळीनंतर जाऊ. चालेल?"

रडारड होईल, मग पिझ्झा मागवू, असं तिने मनात जुळवून ठेवलं होतं.

"हो. नको जायला," कादंबरी म्हणाली.

हायसं वाटलं. इतकं हायसं की नीरजा पलंगाच्या कडेवर बसलीच. सुटलो. उद्याचा आख्खा दिवस घरात, चार भिंतींत... आणि मग त्या सुटकेच्या पाठोपाठच प्रश्न आला. रडली का नाही ही? दोनदा रडली होती.

"का गं? का नको?"

कादंबरीने तोंड उशीत खुपसलं.

"कादू, काही होतंय का तुला? डोकं जड वाटतंय? डोळ्यापुढे काही—"

"मला नाही पाहिजे आजोबांचा तरस!"

"काय?"

"ते बोलले ना काल! नातीला तरस दाखवणार. तिकडे, सगळ्यांसमोर." कादंबरी उठून बसली, नाक लाल झालेलं. "स्कूलमध्ये पण तेच. वान्या बोलली, उसकी मम्मी ने बोला है, कादंबरी के साथ बैठा करो, उस पे तरस खाया करो. म्हणून ती बसते माझ्याजवळ. आणि आता आजोबा पण. मला नको कुणाचा तरस."

नीरजाला आधी काही कळेना. आजोबांचा तरस? आजोबांचं... आणि मग कळलं, आणि ती हसली. हसायला नको होतं, पण आलं, कालपासूनचं सगळं एकदम फुटून बाहेर आलं.

"हसतेस काय तू!"

"अगं... अगं, तरस म्हणजे लकडबग्घा! मराठीत लकडबग्घ्याला तरस म्हणतात."

"झूठ."

"तुझी शपथ."

कादंबरी तिच्याकडे संशयाने बघत राहिली. मग उठली आणि सरळ बाल्कनीत गेली. अप्पांना पूर्ण गोष्ट समजायला वेळ लागला. हिंदीत तरस म्हणजे कीव, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "अरेच्चा!" ते म्हणाले आणि नातीकडे वळले. मग म्हणाले, "कीव करायला एवढ्या लांब येईन का मी, वेडाबाई? ती पोस्टाने पाठवली असती." आणि उठून, कमरेत वाकून, मागचा भाग खाली सोडून, मान पुढे काढून ते बाल्कनीभर तरसासारखे चालले. कादंबरी इतकी हसली, इतकी हसली की तिला उचकी लागली. दारात उभ्या नीरजाच्या मनात आलंच — इतकं हसल्याने काही होत नसेल ना?

"उद्या जायचं!" कादंबरी म्हणाली. "पक्का. तरस बघायचंय."

म्हणजे जायचं. जो भयाण आजार कालपासून नीरजाने घरभर शोधला, तो निघाला एक शब्द. बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण वान्याच्या आईचं ते वाक्य आत कुठेतरी कुसळासारखं रुतून बसलं होतं. तिने उद्याचे कपडे काढले, टोपी काढली, आणि कादंबरीच्या पलंगावर बसून त्यांच्या घड्या घालू लागली, घातलेल्याच घड्या. मुलगी टेबलाशी चित्र काढत होती, बहुधा तरसाचं.

"आई."

"हं."

"मी नको बोलले ना, तेव्हा तू खूश झालीस ना?"

नाही गं, असं काय बोलतेस — हे नीरजाच्या जिभेवर तयार होतं. आयांच्या जिभेवर ते असतंच. पण कादंबरी खुर्चीतून मागे वळून तिच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत चिडणं नव्हतं, काही नव्हतं, नुसती चौकशी होती.

"हो," नीरजा म्हणाली.

"थोडी?"

"खूप."

"मला दिसलं," कादंबरी म्हणाली.

दिसलं! म्हणजे इतके महिने बघणारी आपण एकटी नव्हतो. ताटापाशी, वाढदिवसाला, बाथरूमच्या दाराबाहेर, आपण तिला बघत होतो आणि ती आपल्याला बघत होती, आपला चेहरा, आपण श्वास रोखलेला, आपण सोडलेला... अरे देवा. काय काय बघितलं असेल पोरीने.

"तुला माझ्यावर तरस येतो का? लकडबग्घावाला नाही. दुसरा."

"नाही!" हे मात्र पटकन आलं. "मला भीती वाटते, कादू. तुझी काळजी वाटते."

कादंबरीने विचार केला. "बाहेरून सेमच दिसतं ते," ती म्हणाली.

आता रडलो तर हेही तिला बघावं लागेल, म्हणून नीरजाने टोपीची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"उद्या तू मला नको बघू हं," कादंबरी म्हणाली. "तिकडे बघायला खूप आहे."

"बरं."

"आत्ता प्रॅक्टिस कर. खिडकीतून बघ."

"आत्ता?"

"हो. मी बोलेपर्यंत वळायचं नाही."

नीरजा खिडकीकडे तोंड करून बसली. मागे पेन्सिल कागदावर चालू लागली, खर खर, एकसारखी. समोरच्या टॉवरच्या बाल्कनीत कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. ती चादरी बघू लागली... एक निळी, एक फुलांची, आणि निळीच्या कडेला... बघता येतं की. जमतंय. असंच उद्या हत्ती बघायचा, वाघ बघायचा, यतीनशी काहीतरी बोलायचं, पोर चार पावलं पुढे असेल, असू दे. पाठीत कळ आल्यासारखं होत होतं, मान आपोआप वळू बघत होती, पण तिने ती धरून ठेवली.

मग पेन्सिलीचा आवाज थांबला.

रंग शोधत असेल. विचार करत असेल पट्टे कसे काढायचे. किंवा बघत असेल, आई वळते का ते... किंवा. निळी चादर. फुलांची चादर. खोलीत काही वाजत नव्हतं. हाक मारली तर? पण हाक मारणं म्हणजे बघणंच. ती ओठ घट्ट मिटून चादरींकडे बघत राहिली, कान मात्र सगळेच्या सगळे मागे लागलेले, आणि मान अजून वळली नव्हती. अजून तरी नाही.