एक चिठ्ठी कमी

चर्चमधली उपासना संपली की मंडळीतली माणसं दाराकडे अशी धावायची, जणू मागे आग लागलीय. शेजारच्या बाकावर कोण बसतं, याचा कुणालाच पत्ता नसे. म्हणून चिटणीसबाईंनी ही चिठ्ठ्यांची शक्कल लढवली. बाई कसल्या, सव्वीस वर्षांची पोरगी. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, हात मोजून-मापून चालणारा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घरानं बिस्किटांच्या डब्यातून एक चिठ्ठी उचलायची. जे घर निघेल त्यांच्याकडे त्या आठवड्यात जेवायला जायचं.

मंडळी बोलू लागली, हसू लागली. पाळकसाहेब खूश.

सुतारकाका नेहमी रांगेत शेवटी. त्यांच्यापर्यंत येईतो डबा रिकामा व्हायचा.

"डब्याला ठाऊक आहे," ते हसून म्हणायचे, "सुताराला लाकडाचा भुसा पुरतो!"

सगळे हसायचे. चिटणीसबाईही. कुणीतरी घाईत दोन उचलल्या असतील, असं तिला वाटे. लॅबमध्ये मोजणीत एक नळी कमी भरली असती, तर तिनं जमीन उकरून काढली असती.

"चार खुर्च्या नव्या केल्यात," काका एकदा म्हणाले होते. "तुझी काकू जाताना बजावून गेली, दार लावून बसू नका, माणसं बोलवा. आता बघू कोण येतं."

पाच महिने कुणी आलं नाही.

सहाव्या महिन्यातल्या चिठ्ठ्यांच्या रविवारी काका आलेच नाहीत, आणि डबा बरोबर शेवटच्या माणसापाशी संपला. चाळीस घरं, चाळीस चिठ्ठ्या. काका आले असते, तर एक कमी. तिनं कपाटातली सभासदांची कार्डं काढली; त्यांवरूनच ती चिठ्ठ्या लिहायची. एका घराचं एक कार्ड, आधी सभासद झालेल्या माणसाच्या नावाचं. सुतारकाकांच्या घराचं कार्ड काकूंच्या नावावर होतं. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी तिनंच त्यावर काट मारली होती. काकूंबरोबर अख्खं घर खोडलं गेलं.

कार्ड घेऊन ती तशीच त्यांच्याकडे गेली. दारात बांधलेली गाठोडी. आत एकच खुर्ची.

"ये पोरी. उद्या लेकीकडे चाललोय, कायमचा. बस, मी उभा राहतो."

"काका, खुर्च्या?"

"काल शाळेला दिल्या. पोरं तरी बसतील." ते गाठोड्याची गाठ आवळत राहिले. "रागावलो नाही हं कुणावर. माणसं तिचीच होती, मी आपला तिच्या मागे-मागे. ती गेल्यावर कोण येणार?"

"असं नाही, काका! तुमची चिठ्ठीच नव्हती डब्यात. कधीच नव्हती. माझी चूक." तिनं कार्ड पुढे केलं. "आता घालते. पुढच्या महिन्यात सगळे—"

"पुढच्या महिन्यात मी इथे कुठे?"

त्यांनी चष्मा चढवला. बायकोचं नाव बराच वेळ वाचलं. मग पेन्सिल धरून-धरून घट्टे पडलेलं बोट त्या काटेवरून सावकाश फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पट्टी लावून मारलीस?"

"हो."

"वाटलंच," ते म्हणाले. "अगदी सरळ आलीय."

कार्ड त्यांनी परत दिलं नाही.