शंकासुराचा होकार

भर दुपारी बागेतल्या शंकासुराच्या झुडपाभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. वर लाल-पिवळी फुलं, खाली वाळलेल्या शेंगा, आणि त्यांच्याखाली डोळे मिटून बसलेला झाडबाबा.

"देवी, या लेकराची सुई बंद करू? बोल देवी! शंका धरणारे दूर व्हा, देवी रुसते! बोल गं माझी आई, बोल..."

तड्!

डोक्यावरची एक शेंग फुटली. "होकार!" बाबा गरजला. गर्दी वाकली.

"अहो, देवी बोलली! आता पोरीला टोचायचं नाही," इस्त्रीवाल्याची बायको रडतच म्हणाली. त्यांच्या लेकीला साखरेचा आजार होता. रोज इन्सुलिनची सुई टोचताना आईचं काळीज तुटायचं. इस्त्रीवाल्याला मनातून खटकलं, पण चारचौघांत तोंड कोण उघडणार? सुई बंद झाली.

दोन दिवसांत पोर ओकायला लागली, धापा टाकायला लागली. आई पुन्हा बाबाकडे धावली. "विष बाहेर पडतंय," असं म्हणून त्या महाभागानं प्रसाद म्हणून मूठभर शेंगा दिल्या. तिनं त्या घरी आणून टेबलावर ठेवल्या, नेमक्या तापलेल्या इस्त्रीशेजारी.

तड्! तड्!

इस्त्रीवाला दचकला. कुणी काही विचारलंच नव्हतं! वाळलेली शेंग तापली, पिळवटली आणि फुटली, एवढंच. बाबा उन्हातच का बसतो, शेंग फुटेपर्यंत एकच प्रश्न का घोळवतो, ढग आले की देवीची वाचा का बसते, सगळं त्याला लख्ख कळलं. पोरीला उचलून तो दवाखान्याकडे धावत सुटला.

"सुई का थांबवली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. संध्याकाळी पोर गेली.

काही दिवसांनी तो कोळशाची पेटती इस्त्री घेऊन बागेत शिरला. झुडपाच्या शेंगा तोडून त्यानं इस्त्रीच्या झाकणावर ठेवल्या.

"देवी, हा बाबा साधू आहे?"

तड्!

"हा बाबा चोर आहे?"

तड्!

"ऐकलंत? दोन्हीला हो! वाळक्या शेंगेला ऊन लागो की इस्त्री, ती फुटणारच. तिला ना प्रश्न कळतो, ना उत्तर."

"पाखंड्या! देवी तुझं वाटोळं करील!" बाबा किंचाळला.

"आता आणखी काय करणार?"

इस्त्रीवाला गर्दीकडे वळला.

"झुडूप चांगलं आहे. फुलं बघा, घरी जा. पण लेकरू आजारी पडलं तर डॉक्टरला विचारा. आणि मनात शंका आली तर मोठ्यानं बोला रे! मला आली होती. मी गप्प बसलो."